दोन पाण्यांच्या मधली उटी



पट्टा पडला, गव्हाण शांत झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या, की पारावर एक विषय हमखास निघतो. "औंदा कुठंतरी जाऊन येऊया." कुणी तिरुपती म्हणतो, कुणी गोवा, आणि चौघांत एकजण तरी उटीचं नाव काढतो. मग दुसरा विचारतो, "उसाला पाणी कोण पाजणार?" तिसरा म्हणतो, "म्हशीची धार कोण काढणार?" आणि विषय तिथंच मिटतो. दरवर्षी मिटतो. तरणी पोरं मात्र एका रात्री जीप भरून निघतात, रात्रभर गाडी हाणतात आणि तिसऱ्या दिवशी जागरणानं तांबारलेले डोळे घेऊन परत येतात. घरातल्या बायाबापड्या जिथल्या तिथं राहतात. माहेर आणि लग्नकार्य सोडलं तर वर्षात आठ दिवस घराबाहेर काढलेत, अशा किती बायका आपल्या गावात आहेत, हे ज्यानं त्यानं मोजून पाहावं.

म्हणून या अंकात आम्ही उटीच्या सहलीचा आराखडा देत आहोत. उन्हाळ्यात उसाच्या दोन पाण्यांत साधारण आठ ते दहा दिवसांचं अंतर असतं. कोल्हापूरहून निघून उटी पाहून परत यायला, रात्रीचा प्रवास न करता, सात दिवस लागतात. म्हणजे एक पाणी देऊन निघालं, तर दुसऱ्या पाण्याच्या आत माणूस बांधावर हजर. हिशेब जुळतो. तो जुळवायचा कसा, एवढंच खाली सांगितलं आहे.

आधी घरचा बंदोबस्त

सहलीची सुरुवात गाडीपासून होत नाही, गोठ्यापासून होते. यावर आपल्या वाडवडिलांचा तोडगा आहे, तो म्हणजे पैरा. पेरणीला, मळणीला जसा आपण पैरा करत आलो, तसाच सहलीचा करावा. एका भावकीतली किंवा एका पाणंदीवरची सहा घरं धरा. यंदा तीन घरं जातील, तीन घरं त्यांची जनावरं आणि पाणी बघतील. पुढच्या वर्षी उलट. धारेचं दूध संस्थेत ज्याच्या त्याच्या नावावर घालायचं, वैरण जाणाऱ्यानं आधी तोडून रचून ठेवायची, पेंड मोजून द्यायची. हे तोंडी न ठेवता वहीत लिहून ठेवलं तर परत आल्यावर कुरबुर होत नाही.

पाण्याचं तसंच. शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची येते. ज्या आठवड्यात रात्रपाळी आहे, त्या आठवड्याचा भार शेजाऱ्यावर टाकून जाऊ नये. ठिबक असेल तर कोणता व्हॉल्व्ह कधी फिरवायचा ते शेजाऱ्याला एकदा प्रत्यक्ष दाखवावं. गुरुवारी-शुक्रवारी पाणी पाजून घ्यावं आणि शनिवारी पहाटे निघावं. शनिवारच का, ते पुढं येईलच.

कधी जावे

नोव्हेंबर ते मार्च आपली तोड चालू असते, तेव्हा कुणी हलू नये. जून ते ऑगस्ट नीलगिरीवर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो आणि आपल्याकडंही आडसाली लावणीची गडबड असते. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते खरी, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडं परतीच्या मोसमी पावसाचा जोर असतो आणि घाटात दरडी कोसळतात. उरतात दोन वेळा. एक, एप्रिलची अखेर आणि मे. पोरांना सुट्टी असते, हवा उत्तम, पण गर्दीही तेव्हाच. दुसरी वेळ सप्टेंबरची. लावणी उरकलेली, पावसानं पाण्याची पाळी लांबलेली, आणि उटीत गर्दी कमी. शाळेची पोरं घरात नसतील अशा जोडप्यांनी सप्टेंबर धरावा. पोरंबाळं असलेल्यांना मे महिन्याशिवाय गत्यंतर नाही.

मे महिन्यात जायचं तर शनिवार-रविवार उटीत सापडू नये. शनिवारी घर सोडलं की सोमवारी दुपारी आपण उटीत पोचतो आणि गुरुवारी सकाळी खाली उतरतो. आसपासच्या शहरांतली गर्दी आठवड्याच्या शेवटी वर चढते, तेव्हा आपण परतीच्या वाटेवर असतो.

पैशाची जुळणी

सहलीसाठी सोसायटीचं कर्ज उचलू नये आणि पीककर्जाला हात लावू नये. दहा महिने आधी सहा घरांची भिशी सुरू करावी. खर्च पाच खात्यांत मांडावा : डिझेल, टोल, राहणं, जेवण आणि अडीअडचण. जाऊन-येऊन आणि तिथं फिरून सुमारे १,७०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर १४० लिटरच्या आसपास डिझेल लागेल. त्या दिवसाच्या भावानं गुणलं की आकडा हातात येतो. मे महिन्यात उटीतल्या खोल्यांचे दर चढतात, म्हणून खोल्या दीड-दोन महिने आधी ठरवाव्यात. राहण्याचं ठिकाण आधी ठरवण्याचं आणखी एक कारण आहे, ते ई-पासचं.

गाडी आणि चालवणारा

गाडी घरची असेल तर ब्रेक, क्लच, टायर आणि कूलंट गॅरेजमध्ये तपासून घ्यावं. भाड्यानं घ्यायची तर पिवळ्या पाटीचीच घ्यावी आणि कर्नाटक व तामिळनाडूत चालण्याचा परवाना तिच्याकडं आहे का, हे आधी बघावं. ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळते, पण खासगी गाडी भाड्यानं चालवणं कायद्यात बसत नाही, आणि काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. आठ जणांच्या जिवापुढं चार पैशांची बचत मोठी नाही.

चालवणारे दोघे असावेत. रात्री आठनंतर चाक फिरवायचं नाही, हा नियम निघण्यापूर्वीच सगळ्यांच्या देखत ठरवावा. रात्री दोन ते पाच ही झोपेची वेळ. चांगल्या सरावाच्या ड्रायव्हरचाही तेव्हा डोळा लागतो. "रात्रीत अंतर तुटतं" असं पोरं म्हणतात, पण पुढं बंदीपूरला जंगलाचं फाटक रात्री बंदच असतं. रात्रभर गाडी हाणून त्या फाटकासमोर ताटकळण्यात कसली बचत?

शनिवार : कोल्हापूर ते चित्रदुर्ग

पहाटे पाचला निघावं. निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे असा सरळ महामार्ग. चित्रदुर्गापर्यंत सुमारे ४०० किलोमीटर. न्याहरी बेळगावच्या पुढं घरच्याच शिदोरीची करावी : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. बेळगावापर्यंत मराठी चालते. हुबळीच्या पुढं कानडी लागते. पाण्याला 'नीरु' आणि किंमत विचारायला 'एष्टु' हे दोन शब्द आले तरी बरंच काम भागतं.

चार वाजेपर्यंत चित्रदुर्ग येतं. सात तटबंद्यांचा हा दगडी किल्ला बघण्यासारखा आहे. हैदर अलीचे सैनिक तटाच्या फटीतून एकेक करून आत शिरत असताना पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हिनं मुसळानं त्यांना लोळवलं, अशी कथा तिथं सांगतात. ती फट अजून दाखवतात. आपल्या बायकांनी तिथं जरूर उभं राहावं. मुक्काम इथंच.

रविवार : चित्रदुर्ग ते म्हैसूर

हिरियूरला बंगळूरचा महामार्ग सोडून हुळियार, नागमंगल, पांडवपुर या बाजूनं श्रीरंगपट्टणला उतरावं. दिवसभरात २४० किलोमीटरच्या आसपास. बंगळूरची वाहतूक टळते आणि नागमंगल ओलांडून पांडवपुराकडं येताना दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. हा मंड्या जिल्हा. म्हैसूर संस्थानचा साखर कारखाना मंड्याला १९३३ साली सुरू झाला. गुऱ्हाळंही या भागात पुष्कळ. कोल्हापूरच्या गुळकऱ्यानं एखाद्या गुऱ्हाळावर पाच मिनिटं थांबून ढेप बघितली तर भाषेची अडचण येणार नाही.

या उसामागं कृष्णराजसागर धरण आहे. कावेरीवरच्या या धरणाचं काम १९११ साली सुरू झालं. म्हैसूरचे मुख्य अभियंता सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्याच्या पाठीशी होते. हे गृहस्थ त्याआधी आपल्याकडंच मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ साली बसवले, आणि दख्खनच्या कालव्यांवर पाणी वाटण्याची ब्लॉक पद्धतही त्यांचीच. कालव्याच्या पाळीसाठी अर्ज भरणाऱ्या माणसानं हे धरण बघितलंच पाहिजे. धरणाखालची वृंदावन बाग पोरांना आवडते.

संध्याकाळी म्हैसूर. १९१२ साली पुरा झालेला राजवाडा रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जवळजवळ लाखभर दिव्यांनी उजळतो. शनिवारी निघण्याचा हा दुसरा फायदा.

सोमवार : म्हैसूर ते उटी

अंतर दीडशे-एकशेसाठ किलोमीटरच, पण संबंध दिवस याच्यासाठी ठेवावा. नंजनगूडला श्रीकंठेश्वराचं दर्शन घ्यावं, बाजारात मिळालं तर तिथलं नावाजलेलं रसबाळे केळं घ्यावं. गुंडलुपेटनंतर बंदीपूरचं जंगल लागतं. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या जंगलांपैकी हे एक. २००९ सालापासून या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंदी आहे. रात्री रस्ता ओलांडणारी हरणं, हत्ती, बिबटे गाड्यांखाली मरत होते, म्हणून ही बंदी आली. जंगलात गाडी थांबवू नये, खाली उतरू नये, हॉर्न वाजवू नये, माकडांना काही घालू नये. हत्ती रस्त्यात आला तर मागं थांबून वाट बघावी. त्याला कसलीच घाई नसते.

पुढं तामिळनाडूची हद्द आणि मुदुमलै अभयारण्य. तिथल्या नाक्यावर दोन गोष्टी बघतात. पहिली ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून नीलगिरीत बाहेरच्या वाहनांना हा पास लागतो. तामिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर, माणसं, तारखा आणि मुक्कामाचं ठिकाण भरून तो काढतात. २०२५ च्या उन्हाळी हंगामात रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्या अशी मर्यादाही घातली होती. तेव्हा पास निघण्यापूर्वीच काढावा आणि त्याची छापील प्रत गाडीत ठेवावी. दुसरी गोष्ट प्लास्टिक. एकदा वापरून टाकायच्या पिशव्या आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या नीलगिरीत चालत नाहीत. घरचे स्टीलचे तांबे आणि थर्मास सोबत असले की झालं.

तेप्पक्काडूला सरकारी हत्तींचा तळ आहे. ठरलेल्या वेळी हत्तींना नाचणीचे गोळे, हुलगे आणि गूळ चारतात, ते बघता येतं. इथंच रस्ता फुटतो. डावीकडचा मसिनगुडीवरून कल्लट्टी घाटानं जातो. अंतर कमी, पण ३६ वळणांचा खडा घाट, अपघातांमुळं बदनाम, आणि बाहेरच्या गाड्यांवर तिथं निर्बंध आहेत. आपण उजवीकडून गुडलूरच्या रस्त्यानं जावं. अंतर वाढतं, पण चढ बेताचा आहे.

उटीत दोन दिवस

उटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षा जवळजवळ नऊशे मीटरनं उंच. मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो. म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दिवशी दम लागल्यासारखं वाटतं, म्हणून सोमवारी संध्याकाळी फक्त विश्रांती. रक्तदाब, मधुमेह, दमा यांच्या गोळ्या आठ दिवसांच्या मोजून जवळ ठेवाव्यात.

मंगळवारी सकाळी लवकर दोड्डबेट्टा. उंची २,६३७ मीटर, नीलगिरीचं सगळ्यांत उंच शिखर. दहानंतर ढग चढतात आणि काही दिसत नाही. मग १८४८ साली वसवलेला वनस्पती-बाग. तिथं दोन कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाचा दगड झालेला बुंधा ठेवला आहे. दुपारी तळं. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ साली या पठारावर आला आणि पुढं त्यानंच हे तळं बांधवून घेतलं. इंग्रज येण्यापूर्वी इथं कुणी नव्हतं, असं मात्र समजू नये. म्हशी पाळणारे तोडा, शेती करणारे बडगा, भांडी आणि लोखंडकाम करणारे कोटा, जंगलात राहणारे कुरुंबा आणि इरुळा हे लोक पिढ्यान् पिढ्या या डोंगरावर नांदत आले. तोडांचं सारं देवधर्म म्हशीच्या दुधाभोवती फिरतं. आपल्या म्हैसवाल्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

उतारावरची शेतीही बघावी. बटाटा, गाजर, कोबी डोंगराच्या पायऱ्यांवर घेतात. एवढ्या उतारावर माती कशी धरून ठेवायची, हे त्यांच्याकडून समजून घेण्यासारखं आहे.

बुधवार : कुन्नूर आणि तिथले सभासद

उटी ते कुन्नूर छोट्या रेल्वेनं जावं. गाडी आणि ड्रायव्हर रस्त्यानं पुढं जाऊन थांबतील. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा लोहमार्ग १८९९ साली, आणि उटीपर्यंत १९०८ साली झाला. एकूण ४६ किलोमीटर, २०८ वळणं, १६ बोगदे. कुन्नूरच्या खाली चढ इतका उभा की १२ फुटांत एक फूट, म्हणून रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून चढतं. २००५ साली युनेस्कोनं या मार्गाला जागतिक वारशात घेतलं. तिकिटं फार आधी संपतात, तेव्हा खोल्या ठरवतानाच आरक्षण करावं.

कुन्नूरच्या आसपास चहाचे मळे. पण आम्ही सभासदांना सांगू ते मळ्यात फोटो काढून परत फिरू नका, एवढंच. नीलगिरीत हजारो छोटे चहा-उत्पादक आहेत. एकेकाचा मळा एकर-दोन एकरांचा. त्यांचे सहकारी चहा कारखाने आहेत, आणि असे १६ कारखाने इंडकोसर्व्ह या १९६५ सालच्या सहकारी महासंस्थेखाली चालतात. सभासद पान घालतो, कारखाना चहा करतो. अगदी आपल्यासारखं. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. तोडलेलं चहाचं पान तर त्याच दिवशी कारखान्यात पोचवावं लागतं. पान सुकवणं, कापणं-चिरडणं, आंबवणं, वाळवणं, चाळणं ही सगळी कामं ओळीनं बघायला मिळतात. जायच्या आधी फोन करून परवानगी घ्यावी.

भावाचं दुखणंही सारखंच. आपल्या उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर बांधलेला असतो. त्यांच्या हिरव्या पानाचा भाव चहाच्या लिलावातल्या सरासरीवरून महिन्याच्या महिन्याला ठरतो. लिलाव पडला की पान पडतं. २०२३ साली तिथल्या छोट्या उत्पादकांनी भावासाठी उपोषणं केली. आपल्याला मात्र हंगामाआधी किमान दर तरी जाहीर होतो. त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं तर आपल्या वार्षिक सभेत कोणते प्रश्न विचारायचे, याचीही कल्पना येईल.

परतीचा रस्ता

गुरुवारी सकाळी न्याहरी करून उतरावं. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. उसानं भरलेली ट्रॉली उतारावर कुणी न्यूट्रलमध्ये सोडत नाही, मग माणसांनी भरलेली गाडी कशी सोडावी? सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. जळका वास आला तर बाजूला थांबून अर्धा तास गाडी गार होऊ द्यावी. त्याच वाटेनं म्हैसूरला बगल देऊन संध्याकाळपर्यंत चित्रदुर्ग, आणि शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी घर.

ज्यांच्या हाताशी आणखी दोन-तीन दिवस असतील त्यांनी कुन्नूरवरून मेट्टुपाळयममार्गे कोइमतूरला उतरावं. १९१२ साली सुरू झालेली ऊस-पैदास संस्था तिथं आहे. आपण ज्याला नुसतं '८६०३२' म्हणतो त्याचं पूर्ण नाव को ८६०३२, आणि 'को' म्हणजे कोइमतूर. त्या हवेत उसाला तुरा येऊन बी चांगलं धरतं, म्हणून संकराचं काम तिथं चालतं. रानटी उसाशी संकर करून काढलेली को २०५ ही जात १९१८ साली तिथूनच बाहेर पडली. संस्था बघायची तर आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी. हे दिवस वाढवायचे तर मे महिना नको. सप्टेंबरमध्ये पाण्याची पाळी लांब असते, तेव्हाच जमेल.

निघण्यापूर्वी तपासून घ्यावे

ई-पासची प्रत, गाडीचा विमा, पीयूसी आणि परवाने, फास्टॅगवर शिल्लक, प्रत्येकाचं आधारकार्ड, औषधं, स्वेटर आणि कानटोप्या, घाटात ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी आवळासुपारी आणि कागदी पिशव्या, गोठ्याची वही शेजाऱ्याच्या हातात.

एक सूचना बायकांसाठी. सोबत स्टोव्ह, तांदूळ, डाळ घेऊन मुक्कामाच्या ठिकाणी रांधायचा बेत कुणी काढला तर तो मोडून काढावा. आठ दिवस इडली, डोसा आणि केळीच्या पानावरचा भात खाऊन कुणी आजारी पडत नाही. चूल बदलली आणि रांधणारी तीच राहिली, तर तिची सहल झालीच नाही.

परत आल्यावर शनिवारी पहाटे पहिलं काम शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन धार काढण्याचं. पुढच्या वर्षी त्यांची पाळी आहे, तिची वही त्याच दिवशी सुरू करावी.